कोणत्या कामी

अठ्ठ्याण्णवचा मे. कोर्टाला सुट्टी.
कडुनिंबाखाली माझं एकट्याचं टेबल,
मशीनवर फडकं, फडक्यावर निंबोळ्या.
समोरच्या झेरॉक्सवाल्यानं पेढा आणून दिला :
वाळवंटात स्फोट झाले होते, आपले.

तेवढ्यात तो आला. निवृत्ती बहिरू कोठुळे,
वय बहात्तर, धंदा पेन्शन, राहणार लहवित.
छत्री मिटून म्हणाला, अ‍ॅफिडेव्हिट करायचंय.
मी कागद चढवला, वीस रुपयांचा,
नाशिकरोडलाच छापलेला.
"कोणत्या कामी?"
रेशनकार्ड, वारस, नावात बदल,
मला एवढीच कामं ठाऊक.
"म्या पाह्यलंय ते," म्हणाला.
आणि हातानं कुठंतरी वर दाखवलं,
झाडापलीकडे.

युद्ध संपल्यावर पलटणी गोळा केल्या
त्या इथंच, नाशकात.
मग बोट. कुरे बंदर. पहाऱ्याची ड्यूटी.
एक दिवस ट्रकनं त्या गावात.
तो सांगत गेला,
मी त्याच्या 'व्हतं'चं 'होते' करत गेलो.

सदर गावी घरे नव्हती. जोती होती.
सदर गावी शाळेच्या नळांची एक रांग होती,
पोरांच्या कमरेएवढी; शाळा नव्हती.
त्यातला एक नळ ठिबकत होता.
सुभेदारानं ट्रक थांबवला, उतरला,
आणि तो नळ घट्ट करत बसला.
बराच वेळ.
कुणी हाक मारली नाही त्याला.

एका बाईनं जोत्याच्या आत मुळे लावले होते,
चूल होती तेवढी जागा सोडून.

"आन् कौलांवर फोड आल्ते."
माझं बोट थांबलं. कौलांवर?
"कौलांवर. मान्साला येत्यात तसे."

मी म्हटलं, बाबा, बॉम्ब पडला ऑगस्टात,
तुम्ही पोचलात एप्रिलात.
कायद्यानं तुम्ही प्रत्यक्षदर्शी नाही होत.
चिडेल वाटलं, चिडला नाही.
"पंचनाम्याला पंच आस्त्यात का न्हाई?
त्यांला खून झाल्यावरच बोलवत्यात.
म्या पंच. लिवा."

लिहिलं.

पुढचं टाइप करू नका म्हणाला :
फोड आलेल्या कौलाचा एक तुकडा
त्यानं ट्रंकेत, गणवेशाच्या घडीत घालून आणला.
रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणतात, काही तासांत.
म्हणून सुट्टीवर आल्या आल्या घेऊन गेला.
गुरुजींनी विचारलं, मयताचं नाव?
गोत्र? तुमचं नातं?
तो नुसताच गुडघाभर पाण्यात उभा.
शेवटी गुरुजी दुसऱ्या यजमानाकडे वळले.
तुकडा बुडाला, एवढं त्यानं पाहिलं.
कुंड उपसतात तेव्हा अजून जातो, काठावर थांबतो.
गाळात नाणी निघतात, मणी, एकदा कुणाची कवळी.

वरील मजकूर खरा व बरोबर आहे.
सही केली त्यानं, लष्करी, तिरपी.
नोटरी सुट्टीवर. जूनमध्ये या म्हटलं.
पैसे घेईना मी, तर नोट मशीनखाली सरकवून ठेवली.
मी पेढा पुढे केला, दुसरं काय करणार.
कशाचा, विचारलं त्यानं. सांगितलं.
थोडा वेळ पेढ्याकडे पाहिलं,
मग रुमालात बांधला.
"नातवाला," म्हणाला.

जूनमध्ये आला नाही.
कार्बनची प्रत खणात आहे,
'कामी'च्या आधीची जागा कोरी.
एक शब्दही बसतो तिथं, फार तर दोन.
मी मोजून पाहिलंय.