बघून घ्या

खोटं लिही, असं खैरनार साहेब कधीच म्हणाले नाहीत.
'सकाळी गाडी लागतेय, बघून घ्या' – एवढंच.
आणि खांद्यावर हात, घरच्यासारखा.

सातपूरच्या शेडमध्ये रात्रपाळी.
ब्रेकची पिन, तीन शतांश कमी.
मी पुन्हा मोजली. तेवढीच.
तिसऱ्यांदा मोजली नाही,
आकडा लिहिला.

त्या दिवशी घास उतरेना.
महिन्याभरात उतरू लागला.
मग रजिस्टर आधी भरायचं, मोजायचं नंतर;
पुढे नंतरचंही राहून गेलं.
दिवाळीला सगळ्यांबरोबर
मलाही स्टीलचा डबा मिळाला.

मागच्या महिन्यात कसाऱ्याच्या घाटात
एसटीपुढे एक ट्रक उतरत होता, लादलेला.
माझा पाय समोरच्या पत्र्यावर
रुतून बसला.
बायको म्हणाली, काय झालं?
म्हटलं, मुंग्या आल्यात.

आज नवी पोरगी आलीय, ओझरची, निकुंभांची.
'सर, ही कमी भरतेय.'
मी चहात बिस्कीट बुडवत होतो.
'बघून घे गं,' म्हणालो,
अगदी मायेनं.

ती गेली नाही.
तिथंच उभ्यानं मोजू लागली.
एकदा.
दोनदा.

बिस्कीट कधीच चहात पडलंय.
मी तिच्या हाताकडे बघतोय.