शेऱ्याचा रकाना

पालच्या पुढं, सुकी नदीच्या वरच्या अंगाला
अंजनाचं रान आहे.
एप्रिलात त्याला तांबूस पालवी,
बाकी सातपुडा राखेच्या रंगाचा.

मी वाळलेल्या झाडांची यादी करतेय:
घेर, उंची, खोडावर गेरूनं नंबर.
सोमवारी ठेकेदार येईल.
घरटं असलेलं झाड वगळायचं
असं साहेब म्हणाले. तोंडी.

इतबार तडवी पुढं चालतो, पायात टायरची चप्पल.
मी मान मोडेस्तोवर वर बघते,
दिसेल त्या ढोलीला दुर्बीण लावते.
"ताई, खाली पाह्य," तो म्हणतो,
"पाखरू वर राह्यते, पन भुसा खालीच पडते."

भुसा.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
सावद्याला आमच्या ओसरीत वडील गाडीचे तुंबे कोरायचे,
संध्याकाळी चुलीसाठी मी ढलप्या वेचायचे.
पटाशी हातात दिली नाही कधी.
पोरीच्या जातीनं बोट कापून घेऊ नये म्हणे.
भावाची दोन बोटं गेली,
ती चालली.

तर खाली बघत जाते.
पाचोळा, मोहाची चुकार फुलं, अस्वलाची वाळकी विष्ठा.
सलईच्या बुंध्याशी भुसा सापडतो,
पण काळा पडलेला, मागल्या सालचा,
आणि वरच्या ढोलीतून पोपट आम्हाला शिव्या देतो.
"भाडेकरू," इतबार म्हणतो, "एक कोरते, धा राह्यतात."
पुढच्या ढोलीत पिंगळा.
त्याच्या पुढच्या ढोलीतून घोरपडीची शेपटी लोंबते.
आम्ही गुमान मागं सरकतो.

कळण्याची भाकर, ठेचा, बाटलीतलं तापलेलं पाणी.
मध्येच टकटक येते, थांबते,
डोंगर तिला या अंगावरून त्या अंगावर फेकतो.
घास हातात धरून आम्ही दोघं
दोन वेगळ्या दिशांना बोट दाखवतो.

दोनशे चौदा.
नंबर मीच टाकलाय, काल.
काल मी भुसा बघितला नव्हता,
आज तो गेरूच्या ओल्या ओघळावर चिकटलाय,
पांढरा, खोबऱ्याच्या किसासारखा.
इतबार खोडाला कान लावतो. मग मला बोलावतो.
साल गालाला टोचते.
आत लांब कुठंतरी
पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतोय
आणि दाणे अजून पडायचेत.

मी बोटाच्या पेरानं दोनदा ठोकते,
शेजारणीकडं विरजण मागायला गेल्यासारखी.
वर लाल शेंडीचं डोकं बाहेर येतं.
कोण आहे, काय काम आहे,
कामाच्या वेळेला.

एक ढलपी उचलून पाहते.
कड साफ. वडील असते तर अंगठा फिरवून
काहीच बोलले नसते, म्हणजे पसंत.

रजिस्टर मांडीवर घेते.
"वाळलेले" छापलेलंच आहे, त्यावर रेघ मारते.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिते: हिरवे.
खाली सही, पूर्ण नावाची, वडिलांच्या नावासकट.

"काय लिवलं?"
"हिरवं आहे म्हणून."
इतबार वर बघतो.
एक पान नाही. फांद्यांमधून सरळ आभाळ.
बराच वेळ बघत राहतो.

"व्हय," तो म्हणतो,
"थोडं हाये."