दोन प्रती

सातपूरच्या बसथांब्यामागे माझं झेरॉक्सचं दुकान.
पान दोन रुपये, पाठपोट तीन.
मी कुणाचं वाचत नाही.
पण काचेवर पालथा घातलेला कागद
बाहेर येताना उताणा येतो,
आणि मशीनसारखं झाकण
डोळ्यांना नसतं.

बंद पडलेल्या कंपनीची जागा
आणि कॉलनीच्या अकरा बिल्डिंगी मिळून
प्रस्ताव आलाय.
बत्तीस मजले. खाली मॉल, मधे ऑफिसं,
त्यावर माणसं.
हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत,
दोन प्रतींत.

समाजमंदिरात मॉडेल मांडलं होतं.
स्पंजची झाडं, तांदळाएवढ्या मोटारी,
आणि नासर्डी निळ्या काचेची.
खैरनारांच्या नातवानं विचारलं, फेस कुठंय?
टाय लावलेला मुलगा म्हणाला, कसला फेस?

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे रांग.

सोनजे गुरुजींची हरकत चौदा पानी.
पान तीनवर पूररेषा, पान सहावर वाऱ्याची दिशा,
आणि पान नऊवर, मधेच:
'माझी कै. पत्नी प्रभावती हिने लावलेला बकुळ
सदर नकाशात गटार क्र. २ च्या जागी येत आहे.'
त्या पानाचे पैसे मी घेतले नाहीत.
त्यांनी मोजून काउंटरवर ठेवले.

बेंडकुळे कंपनीत वॉचमन होते, शेवटचं कुलूप त्यांनीच लावलेलं.
त्यांची हरकत दीड ओळ:
आधी माझी ग्रॅच्युइटी.
मग काय ते स्विमिंग पूल.

यास्मिन कोकणी म्हणाली, सूचनेत लिहू की हरकतीत?
तळमजल्याला तळमजलाच द्या.
फॉल-पिकोला अठराव्या मजल्यावर
कोण चढून येतंय!

देवरेबाबांनी कोरा कागदच पुढे केला.
माले काई समजस नही, भाऊ, तूच लिही.
लिही, पानी चौथ्या मजल्यावर चढत नही,
बत्तीसाव्यावर कोन चढवी?
सही मात्र त्यांनी स्वतः केली,
जीभ दातात धरून,
पाच मिनिटं.

हर्षदा गांगुर्डे पुण्याहून शनिवारी आलेली.
तिची सूचना मोबाइलवरून प्रिंट काढली:
लवकर करा.
ऑफिसं इथं आली तर मला घरी येता येईल.
तिच्या मागे गुरुजी उभे होते.
त्यांनी चष्मा वर केला, वाचलं,
आणि काही बोलले नाहीत.
ते काही बोलले नाहीत
हे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू आलं.

बाविसाव्या दिवशी संमतीपत्रं आली,
गुळगुळीत कागदावर, नाव तेवढं भरायचं.
ती घेऊन लोक संध्याकाळी यायचे,
एकेकटे,
थांब्यावर कुणी नाही ना बघून.
सकाळची हरकत, संध्याकाळची संमती,
अक्षर तेच, शाईसुद्धा तीच.

गुरुजी आले तेव्हा मी शटर अर्धं ओढलं होतं.
वाकून आत आले, गुडघ्यावर हात देत.
'लिफ्ट आहे ना रे त्यात?'
मी म्हटलं, सहा आहेत.
'सहा,' म्हणाले.
मग बराच वेळ सुटे पैसे शोधत राहिले.
मी उगाच टोनर हलवत बसलो.

तिसाव्या दिवशी मशीन अडलं.
झाकण उघडून ओढलं तर एकच पान,
छापलेलं पुन्हा आत गेलेलं.
हरकतीवर संमती, तारखेवर तारीख,
बकुळावरून 'बिनशर्त' गेलेलं.
दोन रुपये कुणाच्या नावावर मांडू?

त्याच पानाच्या पाठीवर
मी माझी हरकत लिहायला घेतली.
दुकान नकाशात नाही.
अनधिकृत म्हणूनसुद्धा नाही.
विषय लिहिला, महोदय लिहिलं,
नाव लिहिलं: भूषण पंढरीनाथ कोठावदे.
राहणार, या शब्दापुढे
पेन थांबलं.

झोपायला मी अंबडला जातो.
इथं नुसताच असतो,
एकोणीस वर्षं.