पीयूषिका

ग्वाल्हेरच्या जूनमध्ये,
लू दारं बडवत असताना,
आई स्वेटर घालायची.
तपकिरी, कोपराला उसवलेला.
आत्या म्हणायची, कुमुदला कामाचं अंगच नाही.
दोन पोळ्या लाटल्या की ओट्याला टेकून उभी,
भुवया जवळजवळ पुसलेल्या,
रागावणंसुद्धा हळू.

एकोणतीस वर्षं आम्ही तिला आळशी समजलो.

डॉक्टर भदौरियांनी केसपेपरच्या पाठीवर
मटारएवढा गोल काढला.
त्याच्या वर हायपोथॅलॅमस, बदामाएवढा.
तिथून हुकूम सुटतो :
गळ्यातल्या ग्रंथीला सांगा, शेगडी मोठी कर.
मूत्रपिंडावरच्या दोघींना सांगा,
पहाट झाली, साखर सोडा, उठवा हिला.
निरोप पुढे द्यायचा या मटारानं.
बाळंतपणात रक्त फार गेलं तर कधीकधी तो वाळतो.
दूध आलं होतं?
आईनं मान हलवली.
पाळी?
त्यानंतर नाहीच.
हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाबा छोट्या लाइनीवर केबिनमन होते.
त्यांना आमच्या आधी कळलं :
म्हणजे कंट्रोल फोन करतोय, करतोय,
आणि केबिनमध्ये माणूसच नाही.
गाडी काय करणार, साहेब?
उभी.

घरी येऊन मी शब्दकोश काढला.
पीयूषिका. पीयूष म्हणजे अमृत,
आणि व्यालेल्या गाईचं पहिल्या दिवसांतलं दूध,
ज्याचा आपण खरवस करतो.
मी डब्याच्या दुधावर वाढले.
रक्त गेलं ती रात्र माझी.
दर वर्षी त्या तिथीला ती मला ओवाळते,
ताम्हन धरलेला हात थरथरतो,
आणि मी म्हणते, आई, आटप ना.

आधी पांढरी गोळी, सकाळी आठला. चारला अर्धी.
आठवड्यानं दुसरी, उपाशीपोटी.
क्रम चुकवायचा नाही, भदौरियांनी दोनदा बजावलं.

महिन्यानं स्वेटर दोरीवर दिसला.
काल तिघऱ्याचं पाणी आलं, एक दिवसाआड येतं ते,
बाबांनी बादली भरून वाहू दिली
आणि आई ओरडली.
वरच्या मजल्यावरून जैनांची सून वाकून बघायला लागली.
बाबा नळ बंद करायचं विसरले.
हसले नाहीत, काही बोलले नाहीत,
नुसते कान देऊन उभे,
पाणी पायांवरून जात होतं,
केबिनमध्ये घंटी वाजावी तसे.