अस्तर

तिचं नाव हिस्सा.
त्यांच्यात त्याचा अर्थ मोती म्हणे. मला पहिल्या दिवशी
ते आपलंच वाटलं: वाटा, वाटणी,
भाऊ भाऊ कोर्टात जातात ते.
माझं झुंबर तिच्या जिभेवर बसेना.
अर्थ सांगितला तर हसली,
"एवढा उजेड, आणि शिवायचं काळं?"

मुहर्रकच्या गल्लीत, समुद्रातून काढलेल्या दगडांच्या घरात
अकरा वर्षं आम्ही काळंच शिवलं.
पण तिचं काळं एक नव्हतं.
एक तव्याच्या बुडाचं. एक ओल्या घोड्याचं.
एक चौदा वाव खाली असतं तसलं,
जिथे तांबडा आधी मरतो, मग पिवळा.
त्या काळ्यापायी रंगाऱ्याने तीनदा हात टेकले.

घेराला ती शिशाच्या गोळ्या लावायला सांगे,
पाणबुड्याच्या पायाला धोंडा बांधत, तशा.
पोरी चालायच्या त्या खाली खाली जात असल्यासारख्या.
आणि गळ्यात कासवाच्या पाठीचा चाप.
"बाई, हा तर नाकाचा. गळ्यात कशाला?"
"श्वास तिथे अडकतो, उस्ताद."
पॅरिसात लोक उठून उभे राहिले, एक म्हातारी रडली म्हणे.
मी इकडे उरलेली बटणं मोजत होतो.

आता अस्तराचं सांगतो.
प्रत्येक झग्यात, आतून, डाव्या कुशीला
काळ्यावर काळ्या दोऱ्याने एक नाव.
तिचा आजोबा नाखवा होता. त्याची वही तिच्याकडे होती:
कोणाकडे किती येणं, कोण दोरी हलवूनही वर आला नाही.
बाप बुडाला की देणं पोराच्या नावावर.
मला ती अक्षरं येत नव्हती,
उजवीकडून डावीकडे, वेल काढावी तशी काढली.
दिसायची नाहीत. घालणारीच्या कातडीला तेवढी टोचायची.
"टोचू दे," म्हणायची.

सत्ताविसाव्या झग्यात मी चोरी केली.
तुरपाईच्या वर, चार बोटं आत,
माझ्या भावाचं नाव घातलं. रंभाजी.
व्हिसाचे पैसे व्याजाने काढून आला होता,
सित्राला परांचीवरून गेला.
पेटी गावाला गेली, व्याज माझ्याकडे आलं.

तिने झगा उलटा केला. बोट फिरत फिरत
बरोबर त्या आडव्या रेघेवर थांबलं.
"हा कधी बुडाला?"
जमिनीवर, मी म्हणालो.
बराच वेळ नुसता पंखा.
मग लोंबता दोरा तिने दातांनी तोडला.
"गाठ नीट मार, उस्ताद. सुटेल."

ऑगस्टात गेली.
कुणी गोळ्या म्हणालं, कुणी समुद्र.
मी खणातलं शिसं तोललं.
दीड किलो कमी भरलं.
हेही कुणाला बोललो नाही.

परवा संग्रहालयाची मुलगी आली, पांढरे हातमोजे घालून.
अंधाराचं एवढं वेड बाईंना कशाने, विचारत होती.
मी चहा केला.
अस्तर उसवून बघू का, म्हणाली, जतन करायचंय.
नको, म्हटलं, कापड फाटेल.
फाटलं नसतं. माझी शिवण आहे.

एक कापड मात्र माझ्या खोलीवर आहे,
तिनेच आखलेलं, कातर न लागलेलं.
इस्त्री फिरवत नाही, वाफेने खडू जाईल.
त्यात कुणाचं नाव, ते तिने सांगितलं नव्हतं.
तिचं नाव कसं लिहितात ते मी
खालच्या किराणावाल्याकडून बिलाच्या मागे लिहून घेतलंय.
टाकेही मोजून झालेत.
दोरा तेवढा ओवायचा राहिलाय.
डोळे गेले माझे. शेजारचा पोरगा रोज विचारतो,
काका, ओवून देऊ?
मी त्याला म्हणतो, उद्या ये.