चौदा कट्टे, वर नऊ

गड्डा उठून आठवडा झाला होता,
होम मैदानात पाळण्यांचे खड्डे आणि फुग्यांची चिंधकं उरली होती,
तेव्हा आई म्हणाली, एकदा संगमावर ने.

साठ वर्षं सोलापुरात काढली तिनं,
तळ्यातल्या देवापलीकडचा देव पाहिला नाही.
दर सोमवारी चालत जायची, चालत यायची,
वाटेत कारखान्यात विड्या टाकायची,
म्हणजे एका चपलेत दोन कामं.

अमोगसिद्धच्या जीपमध्ये मागं बसलो.
मंद्रूप सुटल्यावर रस्ता उसाच्या गाड्यांचा झाला.
कडेला कुणी हुरडा भाजत होतं.
आईनं खोल श्वास घेतला, म्हणाली,
तंबाखूशिवायचा वास किती हलका असतो रे.

हत्तरसंगच्या अलीकडेच मोबाईलनं
कर्नाटकात स्वागत केलं.
अमोगसिद्ध कानडीत हसला, मी मराठीत,
आईनं तेलुगूत विचारलं, उतरायचं का?

भीमा आणि सीना नेमक्या कुठं मिळतात ते कळत नाही.
मी बोट दाखवलं तिथं नुसतं पाणी होतं.
जरा गढूळ, जरा हिरवट,
आणि मधोमध म्हशी बसलेल्या,
त्यांना काय.

मलकारी गुरवांनी टॉर्च लावली.
वर तुळईवर बघा, अक्षरं आहेत, हजार वर्षांची.
मी एम.ए. झालेला. मान वाकडी करून पाहिलं:
रेघा, खाचा, एका खाचेत कोळ्याचं घर.
जो वाचेल तो जिंकेल असं लिहिलंय, ते म्हणाले.
मी हरलो हे कुणाच्या लक्षात आलं नाही.
आईनं विचारलं, आणि ज्याला वाचता येत नाही त्यानं?
गुरव थोडं थांबले.
त्यानं घंटा वाजवायची, मावशी.
तिनं वाजवली. दोनदा.
एक माझ्या वाट्याची.

शेजारच्या देवळात ती पिंड.
अंगभर चेहरे, ओळीनं, एकाला एक खेटून,
चाळीत बिऱ्हाड केल्यासारखे.
तीनशे एकोणसाठ, मलकारी म्हणाले,
अख्खी पिंड धरली की तीनशे साठ.
आईनं ऐकून घेतलं, विश्वास ठेवला नाही.
दुसऱ्याच्या मोजणीवर ती जन्मात विसंबली नव्हती.
पदर खोचून खाली बसली,
ओकटी, रेंडू, मूडू,
पुढचं बोटांनीच, विड्यांच्या वेगानं,
पंचवीस झाले की डाव्या हाताचं एक बोट मिटत.
अमोगसिद्ध तंबाखू मळत आला, बघितलं, बाहेर गेला.
टॉर्च पिवळी पडली.
चौदा कट्टे, ती म्हणाली, वर नऊ.
मी मनात गुणाकार केला. बरोबर होतं.
हे वरचे नऊ छाटात जाणार, ती हसली,
देवाचा पण चेकर असेलच की.

मग हसू तसंच ठेवून
तिनं एका चेहऱ्यावर अंगठा टेकला.
नाक झिजलेलं, डोळ्यांच्या जागी खळगे.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या खिडकीवर
हयातीच्या दाखल्याला हाच अंगठा
मशीननं पाच वेळा नाकारला.
नरसव्वा राजय्या येमूल, पोरगा तीनदा ओरडला,
ही समोर उभी, तीनदा हो म्हणाली.
आजी, तुम्ही आहात हे येत नाहीये, तो म्हणाला,
वाईट नव्हता पोरगा.
पान कापून, दोरा ओढून
अंगठ्यावरच्या रेषा कुठल्याशा कट्ट्यात बांधल्या गेल्या,
गदगला नाहीतर हैदराबादला
कुणीतरी ओढूनही टाकल्या असतील.

आता तिनं अंगठा दाबून धरला होता,
मशीनवर धरतात तसा, श्वास रोखून,
हिरव्या दिव्याची वाट बघत.
मलकारींनी टॉर्च विझवली.
आम्ही तिघंही काही बोललो नाही.
बाहेर म्हैस एकदा ओरडली.

परतताना तेलगावच्या आसपास मोबाईल पुन्हा वाजला.
कोण आहे? आई म्हणाली.
कुणी नाही. आपण महाराष्ट्रात आलो म्हणतायत.
तिच्या मांडीवर हुरड्याचा कागद, त्यात शेंगाची चटणी.
एक दाणा बोटात धरून ती तशीच राहिली.
त्यांना कसं कळलं?
अंगठा न घेता?