गळती

पंचविसाव्या आठवड्यातच आली ती.
सातशे पस्तीस ग्रॅम. नाव नाही,
पेटीवर नुसतं आईचं : ओउती.
बाहेर ओउलूत उणे अठ्ठावीस,
नदी वाजायची थांबलेली,
आणि पेटीत मी पंच्याऐंशी टक्के दमटपणा राखत बसलेली,
काचेला आतून घाम.

कातडी लाल, चिकट,
उकडलेल्या टोमॅटोची साल काढल्यावर दिसतो तशी.
पट्टी लावली तर पट्टीबरोबर तीच निघून येईल,
म्हणून लावत नाही.
आणि पाणी जातं.
रडण्यातून नाही, मुतण्यातून नाही,
नुसतं असण्यातून.
पहाटे तीनला तिला तोलायचं
आणि हिशेब जुळवायचा.

तिचा आजोबा तैस्तो, जन्मभर नावा बांधलेला.
काचेला नाक लावून म्हणाला,
"हिचं डांबर कुठाय?"
डॉक्टर हेल्वी म्हणाल्या, समजा, विटा आणि गिलावा…
"विटांतलं मला कळत नाही. गळती कळते."

मग कॉफीच्या यंत्रापाशी मीच सांगितलं त्याला,
मला येतं तेवढं :

पेशी तळाशी जन्मतात
आणि वर सरकत येतात, मरायलाच.
मरण्याआधी मात्र घर आवरतात.
पोटात घडी घालून ठेवलेली चरबी
बारीक पुड्यांतून दाराबाहेर ठेवतात,
मग सपाट होऊन पडतात, फळीसारख्या.
बाहेर पुड्या फुटतात, घड्या उलगडतात,
एकीला एक भिडून चादरी होतात.

तीन जातींची चरबी लागते.
दोन लांब शेपट्यांचं सिरॅमाइड.
सुटी मेदाम्लं.
आणि कोलेस्टेरॉल.
"तेच?" छातीवर हात ठेवून तैस्तो.
तेच. ज्याच्यासाठी तुम्ही रोज गोळी घेता,
त्याच्यावाचून इथं पान हलत नाही.

सिरॅमाइड येतं डोक्यावर साखर घेऊन.
ती उतरवल्याशिवाय ते ओळीत बसत नाही.
उतरवणारे कारागीर आंबट जागीच कामाला लागतात,
आणि कातडी आंबायला जन्मानंतर दिवस जावे लागतात.
साखर उतरली की
शेपटीला शेपटी, डोक्याला डोकं,
थरावर थर, असे दाटून बसतात
की पाण्याला सरळ वाटच उरत नाही,
मेलेल्या फळ्यांना वळसे घालत
ते मधेच कुठेतरी थकतं.

तैस्तो बराच वेळ गप्प. कॉफी गार.
"नाव वाळवून मग डांबर लावतात.
ओलीला ते धरत नाही.
तुम्ही हिला ओली का ठेवता?"

पंधरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
कारण खरंच, आठवड्यानंतर
आम्ही दमटपणा थोडा थोडा काढून घेतो.
हवा लागली की कातडी घाई करते.
आत राहून जे महिन्यांत झालं असतं
ते इथे दोन-तीन आठवड्यांत उरकते.
थोडी गळती झाल्याशिवाय
पुड्या बांधायचा निरोप तळाशी पोचत नाही.
थोडी.
किती थोडी, याचाच मला पगार.

ऐंशी. पंच्याहत्तर. सत्तर.
सत्तरला सोडियम चढलं,
मी परत पंच्याहत्तर केलं,
ओउती दिवसभर भिंतीकडे तोंड करून.
मग पुन्हा सत्तर.

एकोणिसाव्या दिवशी पोटावर कोंडा दिसला,
पांढरा, भुरभुरीत,
कुठल्याही म्हाताऱ्याच्या नडगीवर असतो तसला.
ओउती घाबरली. मला हसू आलं.
सोलून निघायला आधी काही तयार व्हावं लागतं, बाई.

तैस्तोनं तीनदा हात धुतले, कोपरापर्यंत.
डांबराचा वास तरी गेला नाही.
गोल खिडकीतून एक भेगाळलेलं बोट आत घातलं,
तिच्या पाठीवर टेकवलं,
उचललं,
दिव्याखाली धरून उलटसुलट बघितलं,
नावेच्या बुडावरून फिरवलेलं बघतात तसं.

"कोरडं," तो म्हणाला.